विद्यापीठाचा पर्यटन विभाग : आराखडा कसा करतात, काम कसे मोजतात
(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



या पानावर मी दर अंकात लागण, खोडवा, पाचट, बेणेमळा यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला विद्यापीठात काय काम पडलं, असे काही जण विचारतील, म्हणून ते आधी सांगतो.

गेल्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयात एका तरुण सभासदाने सूचना मांडली, की आपल्या शिक्षण संस्थेच्या कॉलेजात पर्यटनाचा अभ्यासक्रम सुरू करावा. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "पर्यटनाला कसली डिग्री? एस.टी.त बसलं की झालं पर्यटन!" सगळा मंडप हसला. हसू थांबायच्या आत महिलांच्या बाजूने एक वयस्कर सभासद उठल्या. त्यांची नात विद्यापीठाच्या पर्यटन विभागात शिकते. त्या म्हणाल्या, "हसायला काय जातंय? पोरीच्या फीला आणि खोलीभाड्याला आमच्या एका खोडव्याचं बिल जातंय. तिथं नीट शिकवत्यात का न्हाई, हे बघणारं कोण हाय, तेवढं सांगा." व्यासपीठावरच्या कुणालाच याचे उत्तर देता आले नाही.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे चार जणांची समिती नेमली. दोन संचालक, कॉलेजचे एक प्राध्यापक आणि चौथा मी. माझे नाव घेताना ते म्हणाले, "यांना मोजमापाची सवय आहे." कृषी पदविका झालेल्या माणसाने विद्यापीठाचे मोजमाप करायचे म्हणजे अवघडच; पण शिक्षण निधीची टनामागची कपात तुमच्याच बिलातून होते, तेव्हा नाही म्हणता येईना. हंगाम आटोपल्यावर आम्ही दोन विद्यापीठांच्या विभागांत जाऊन बसलो, कागदपत्रे वाचली, मास्तर लोकांना विचारले. जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

विभाग शिकवतो काय

हिंडणे वेगळे आणि हिंडवणे वेगळे. एक साधे उदाहरण देतो. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. परदेशी पाहुण्यांचा गट सोमवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरला उतरला, तर त्याला आधी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा दाखवावे लागते. उलटे केले तर दोन्ही दिवस बंद दरवाजा बघून पाहुणा परत जाईल आणि त्याच्या देशात जाऊन काय सांगायचे ते सांगेल. ही झाली अगदी पहिलीच पायरी. त्यापुढे तिकीट, हॉटेल, हिशेब, परकीय भाषा, वस्तुसंग्रहालय, जाहिरात आणि शेवटी सर्वांत अवघड म्हणजे एखाद्या ठिकाणाला किती माणसे सोसतात याचा अंदाज. आपल्या राखणीच्या बंधाऱ्यावर किती मोटारी बसवायच्या, तसाच हा प्रश्न. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत गर्दी इतकी वाढली, की दिवसाला किती माणसे सोडायची याला मर्यादा घालावी लागली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, पन्हाळा, शिवनेरी सगळे त्यात आले. आता तिथे पाणी, संडास, वाहनतळ, वाटाड्या आणि कचरा यांची आखणी कुणीतरी शिकलेल्या माणसाने करायची आहे. तेव्हा डिग्रीला हसण्याचे कारण नाही, एवढे मी आता म्हणू शकतो.

असे शिक्षण आपल्याकडे अगदी नवेही नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ चे. केंद्र सरकारची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ ची, तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि गोव्यात जलक्रीडेचे केंद्र आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. अजिंठा-वेरूळ दाराशी असताना तो तिथे असणे साहजिकच आहे.

ही मोजण्याची रीत आली कुठून

पूर्वी विद्यापीठाला कुणी जाब विचारत नसे. सरकार पैसे देई, प्राध्यापक शिकवीत, मुले पास-नापास होत. विलायतेत १९८५ साली सर अलेक्स जॅरट नावाच्या उद्योगक्षेत्रातल्या गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली एक समिती झाली. तिने स्पष्ट सांगितले, की विद्यापीठांनी आपली उद्दिष्टे लिहून काढावीत, पैसा आणि माणसे त्याप्रमाणे वाटावीत आणि काम झाले की नाही हे आकड्यांनी तपासावे. तिकडच्या प्राध्यापकांनी पुष्कळ आरडाओरडा केला. विद्यापीठ म्हणजे काही कारखाना नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मला यात गंमत वाटली, कारण आपण तर कारखानाच आहोत आणि मोजमापाने आपले काही बिघडलेले नाही. पण त्यांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य होते, ते पुढे येईल.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली नॅक ही मूल्यांकन परिषद स्थापन केली, ती बंगळुरूला आहे. तिच्या सांगण्यावरून प्रत्येक विद्यापीठात आणि कॉलेजात गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा एक कक्ष असतो, तो दरवर्षी अहवाल पाठवतो. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कुठल्या भागात कसले कॉलेज हवे हे त्यात लिहिलेले असते, आणि नवे कॉलेज काढायचे तर ठिकाण त्या आराखड्यात बसावे लागते. आपल्याकडे अनेकांचा समज असतो, की संस्थेजवळ पैसा आणि इमारत असली की कॉलेज निघाले. ते दिवस गेले.

आराखडा म्हणजे इच्छांची यादी नव्हे

आडसाली लागण आपण जुलै-ऑगस्टमध्ये करतो आणि ऊस तुटतो सोळा-अठरा महिन्यांनी. म्हणजे आज सरी सोडताना पुढच्या वर्षाच्या हंगामाचा विचार करावा लागतो. पर्यटन विभागाचे याहून लांबचे आहे. अभ्यास मंडळाने आज अभ्यासक्रम बदलला, तर तो पुढच्या जूनमध्ये लागू होणार, आणि त्या वेळी आत आलेला विद्यार्थी दोन वर्षांनी बाहेर पडणार. आज ठरवलेल्या गोष्टीचे पीक तीन वर्षांनी हाती येते. तोवर बाजार कुठे गेला असेल हे आधी ओळखणे, यालाच हे लोक धोरणात्मक नियोजन म्हणतात. नाव मोठे आहे, पण काम आपल्या ओळखीचेच.

सुरुवात जमीन बघण्यापासून होते. विभागाची बलस्थाने, उणिवा, समोरच्या संधी आणि धोके असे चार चौकोन कागदावर पाडतात. आम्ही पाहिलेल्या एका विभागाने बलस्थानात सुसज्ज ग्रंथालय, अनुभवी शिक्षक वगैरे सगळे भरले होते आणि उणिवांच्या चौकोनात एकच ओळ होती, 'जागेची कमतरता'. चहा पिताना मात्र तिथल्याच एका सरांनी सांगितले, की मंजूर जागांपैकी काही कित्येक वर्षे रिकाम्या आहेत आणि निम्मे तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात, जे चांगली नोकरी मिळाली की वर्ष अर्ध्यावर सोडून जातात. ही उणीव कागदावर का नाही, असे मी विचारले. ते नुसते हसले. माती परीक्षणाचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून कुणी शेजाऱ्याच्या रानातली माती पाठवली, तर खताचा डोस चुकणारच.

दुसरी गोष्ट उद्दिष्टाची. 'जागतिक दर्जाचे पर्यटन शिक्षण देणारे अग्रगण्य केंद्र होणे' असे एका विभागाच्या भिंतीवर सुंदर अक्षरात लिहिले होते. 'पर्यटन' शब्द काढून 'दंतवैद्यक' घातला, तर तीच पाटी दंत महाविद्यालयात चालेल. असे उद्दिष्ट पुरे झाले की नाही हे कधीच ठरत नाही, म्हणून ते सगळ्यांना सोयीचे असते. १९८१ साली जॉर्ज डोरान नावाच्या अमेरिकन लेखकाने चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्या सांगितल्या. ते नेमके असावे, मोजता यावे, कुणावर तरी सोपवलेले असावे, जमण्यासारखे असावे आणि त्याला तारीख असावी. 'जून २०२८ पर्यंत आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका परकीय भाषेत पाहुण्याशी अर्धा तास बोलता येईल, परीक्षा बाहेरचा माणूस घेईल, आणि याची जबाबदारी अमुक मॅडमची' असे लिहिले की त्याला उद्दिष्ट म्हणावे. यात 'अमुक मॅडमची' हा भाग सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे कामे राहतात ती बहुधा 'सर्वांची जबाबदारी' असल्यामुळेच.

आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन या दोघांनी १९९२ साली मांडले, की संस्था एकाच खिडकीतून पाहू नये. पैसा ही एक खिडकी, ज्याच्यासाठी काम चालते तो माणूस ही दुसरी, आतले कामकाज ही तिसरी आणि नवे शिकण्याची तयारी ही चौथी. नुसता ताळेबंद बघून कारखाना कसा चालला हे कळत नाही; सभासदाचा ऊस वेळेवर तुटतो का, मिल किती तास बंद राहिली, रोपवाटिकेत नवे बेणे तयार होते आहे का, हेही पाहावे लागते. पर्यटन विभागाला लावले, तर फी आणि अनुदान ही पहिली खिडकी, विद्यार्थी आणि त्याला नोकरी देणारा ही दुसरी, तास, परीक्षा, सहली वेळेवर होणे ही तिसरी आणि शिक्षक स्वतः काही नवे शिकले का ही चौथी. चौथ्या खिडकीत डोकावणारे लोक फार थोडे. अभ्यासक्रमात हॉटेलचे आरक्षण शिकवायचे आणि शिकवणाऱ्याने आयुष्यात हॉटेलच्या काउंटरमागे एक दिवसही काढलेला नसायचा, असे आम्ही पाहिले.

ब्रिक्स आणि उतारा

आता मोजमापाकडे येतो. ऊस पक्व झाला की नाही हे आपण गव्हाणीत पडेपर्यंत थांबून ठरवत नाही. फडात जाऊन हँड रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स घेतो. दोन्ही आकडे जवळ आले, म्हणजे एकाला दुसऱ्याने भागून उत्तर एकच्या आसपास आले, की तोडणीच्या प्रोग्रॅममध्ये घेतो. उतारा मागाहून कळतो, तेव्हा काही दुरुस्त करता येत नाही. ब्रिक्स आधी कळतो, तेव्हा पाणी तोडता येते, दहा दिवस थांबता येते.

विभागाचेही आकडे असेच दोन जातींचे असतात. निकाल, नोकऱ्या, माजी विद्यार्थ्यांचे पगार हे उताऱ्यासारखे, सगळे होऊन गेल्यावर कळणारे. पहिल्या सहामाहीत किती मुले गळाली, हजेरी कशी आहे, किती तास प्रत्यक्ष झाले, कार्यानुभवाला मुलगा कुठे आणि किती दिवस गेला, हे ब्रिक्ससारखे. चांगला विभागप्रमुख ब्रिक्सकडे बघतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण चार श्रेयांकांचे आहे, म्हणजे साधारण १२० तास. हे १२० तास मुलगी एखाद्या प्रवासी कंपनीत आरक्षण शिकण्यात घालवते, की तिथल्या फायली पुसण्यात, हे विभागाने मध्येच एकदा जाऊन बघितले तर त्याचा उपयोग. शेवटी सही-शिक्क्याचा कागद सगळेच आणतात.

सर्वांत फसवा आकडा नोकऱ्यांचा. 'आमचे ८३ टक्के विद्यार्थी नोकरीला लागले' असे एका माहितीपत्रकात वाचले, तर काय समजायचे? हिशोब करून बघू. समजा वर्गात ३० मुलांनी प्रवेश घेतला. मध्येच काही सोडून गेली, पास झाली २२. त्यातल्या १२ जणांनी नोकरीसाठी विभागाकडे नाव नोंदवले आणि १० जणांना काम मिळाले. दहाला बाराने भागले की ८३ टक्के. बाविसाने भागले तर ४५. आणि आत आलेल्या तिसांनी भागले तर ३३. तिन्ही आकडे खरे आहेत, खोटे कुणीच बोलले नाही. पण ज्या बापाने फी भरली त्याच्या कामाचा आकडा ३३ आहे, कारण त्याचा मुलगा तिसातला एक होता. काट्यावर आलेल्या सगळ्या उसाने साखरेला भागून आपण उतारा काढतो. चांगल्या उसाच्या गाड्या निवडून तेवढ्यांचाच उतारा छापला, तर सभासद गप्प बसतील का?

त्यातही नोकरी कसली, हा प्रश्न राहतोच. दिवाळीच्या हंगामात तीन महिने काम आणि मग घरी, हीही नोकरीच लिहितात. पास झाल्यानंतर वर्षाने तो मुलगा कुठे आहे, ही नोंद ठेवणारे विभाग थोडे.

आकडा सांभाळला आणि ऊस उभा राहिला

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका दुसऱ्या कारखान्यात होतो. प्रत्येक सर्कलला नोंदीच्या क्षेत्राचे टार्गेट दिलेले होते आणि दर सोमवारी फळ्यावर आकडे लिहीत. माझे आकडे खाली. मग मी ज्यांनी नुसते 'लावतो' म्हटले त्यांचीही नोंद धरली, बांधावरचे गुंठेही धरले. फळ्यावर मी दुसऱ्या नंबरावर आलो, शाबासकी मिळाली. हंगामात टोळ्या नोंदीप्रमाणे वाटल्या गेल्या. माझ्याकडे टोळ्या जास्त आणि ऊस कमी, शेजारच्या सर्कलमध्ये ऊस जास्त आणि टोळ्या कमी. तिथल्या एका शेतकऱ्याचा ऊस तुरा येऊन मेपर्यंत उभा होता. वजन घटले, पुढे खोडवाही साधला नाही. त्यांनी मला काहीच म्हटले नाही, कारण त्यांना ठाऊकच नव्हते की हे माझ्या वहीमुळे झाले. मला मात्र ठाऊक होते.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ साली जे सांगितले त्याचा मथितार्थ हाच आहे, की मोजमापालाच लक्ष्य केले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. विलायतेतल्या प्राध्यापकांच्या आरड्याओरड्यात तथ्य होते ते इतकेच.

नॅकची पद्धत पाहा. तिच्याकडे सात निकष आहेत. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तार, पायाभूत सोयी, विद्यार्थ्यांना आधार, कारभार व नेतृत्व, आणि संस्थेची मूल्ये. २०१७ साली जी पद्धत आली तिच्यात विद्यापीठाच्या १००० गुणांपैकी २५० संशोधनाला होते आणि २०० अध्यापनाला. आराखडा करून तो अमलात आणणे हे कारभाराच्या १०० गुणांतले एक पोट-कलम. २०१६ पासून निघणाऱ्या केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीतही विद्यापीठांसाठी संशोधनाला ३० टक्के वजन आहे. आता पर्यटनाच्या शिक्षकाने काय करावे? मुलांना घेऊन चार दिवस किल्ल्यावर मुक्काम करावा, की खोलीत बसून एक शोधनिबंध लिहावा? विद्यापीठाचे गुण निबंधाने वाढतात. मग किल्ल्यावर कोण जाणार? त्या शिक्षकाला मी दोष देत नाही. मीही फळ्याकडेच बघत होतो.

दुसरी अडचण अशी, की नॅकची श्रेणी सबंध विद्यापीठाला मिळते, विभागाला वेगळी नाही. कारखान्याचा सरासरी उतारा चांगला म्हणून अमुक एका गटाचा ऊस चांगला असे होत नाही. एनआयआरएफमध्ये शेतकीची वेगळी यादी आहे, इंजिनिअरिंग, औषधनिर्माण, कायदा यांच्या आहेत, पर्यटनाची नाही. विलायतेतही २०१४ आणि २०२१ च्या संशोधन तपासणीत पर्यटन हे खेळ आणि फुरसतीच्या विषयांबरोबर एका गाठोड्यात बांधले होते आणि कित्येक विभाग आपले काम व्यापार-व्यवस्थापनाच्या गाठोड्यात टाकत. फक्त पर्यटनाच्या अभ्यासक्रमांसाठी असलेले 'टेडक्वाल' नावाचे प्रमाणपत्र माद्रिदची संयुक्त राष्ट्र पर्यटन संघटना देते, पण ते ज्याने मागितले त्याने घ्यायचे. थोडक्यात, मावशींच्या 'बघणारं कोण हाय' या प्रश्नाचे उत्तर असे, की विद्यापीठाला बघणारे आहेत, पण तुमच्या नातीच्या विभागापुरते बघणारे विभागाशिवाय फारसे कुणी नाही.

आणि जे बघणारे आहेत त्यांच्यावरही डोळे मिटून भरवसा नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी पथकाच्या अध्यक्षासह सदस्यांना सीबीआयने अटक केली, वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला. खटल्यात व्हायचे ते होईल. त्याआधी जानेवारी २०२४ मध्येच नॅकने श्रेणींऐवजी 'मान्यताप्राप्त' किंवा 'नाही' एवढेच सांगण्याची नवी पद्धत जाहीर केली होती. तेव्हा फाटकावरच्या पाटीवर श्रेणी दिसली, तर ती कुठल्या वर्षाची आणि तिची मुदत कधीपर्यंत, हे विचारायला लाजू नये.

वाईट साल

आकडा वाचताना साल बघावे लागते. २००२ साली आपल्या भागात लोकरी मावा आला तेव्हा मी या धंद्यात नवा होतो. त्याच्यापाठोपाठ दुष्काळ पडला. त्या वर्षांचे टनेज बघून शेतकरी आळशी झाला असे कुणी म्हटले, तर त्याला आपण काय म्हणू? पर्यटनाला असे साल २०२० चे आले. करोनामुळे जगभरात परदेशी प्रवाशांची संख्या एका वर्षात सुमारे सात दशांशाने घटली. त्या साली पास झालेल्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत यात विभागाचा दोष नाही. पण एक बघण्यासारखे आहे. काही शिक्षकांनी त्या दोन वर्षांत मुलांना हिशेब, संगणकावरचे आरक्षण, भाषा यांकडे वळवले, कारण ही कौशल्ये दुसऱ्या धंद्यातही चालतात. वाईट साल येणार हे धरून त्यांनी आधीच थोडी तजवीज केलेली होती. बाकीच्यांच्या आराखड्यात दरवर्षी दहा टक्के वाढ लिहिलेली होती. आपणही काही वेळा सलग चार वर्षे पाऊस चांगला पडेल असे धरूनच पाइपलाइनचे कर्ज काढतो, तेव्हा त्यांना फार हसू नये.

समितीचे मत

समितीत एकमत झाले नाही. कॉलेजच्या सरांचे म्हणणे पूर्ण पदवीचा अभ्यासक्रम मागावा. माझे आणि एका संचालकांचे मत असे, की आधी सहा महिन्यांचा छोटा वर्ग काढावा : स्थानिक वाटाड्या, घरगुती निवास, पाहुण्यांशी बोलण्यापुरते इंग्रजी आणि हिशेब. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे, आपल्या काही सभासदांच्या रानात ते करण्याजोगे आहे, आणि पाहुणा आला तर त्याला गुऱ्हाळापासून गव्हाणीपर्यंत दाखवण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. पहिल्या तुकडीचे सर्व आकडे, किती आले, किती टिकले, वर्षाने कुठे आहेत, हे याच पानावर छापावेत, आणि भागायचे ते आत आलेल्या सगळ्यांनीच भागावे, एवढी अट मी घातली आहे. ती दोन्ही बाजूंना मान्य झाली.

मावशींच्या नातीच्या विभागात आम्ही गेलो होतो. इमारत साधी, भिंतीवर काही पाटी नाही. विभागप्रमुखांनी कपाटातून एक जाड वही काढली. पास झालेल्या प्रत्येक तुकडीची नावे, पुढे गाव, फोन आणि 'सध्या काय करतो' असा एक रकाना. दर जानेवारीत त्या स्वतः फोन करून तो भरतात. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचा रकाना रिकामा ठेवतात, अंदाजाने काही लिहीत नाहीत. आल्यावर मी मावशींच्या वस्तीवर जाऊन हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, रिकामे रकाने किती होते?"

मी मोजले होते. मागच्या तुकडीत २६ पैकी ७.

"आणि बाकीची एकोणीस?"

बारा जण पर्यटनाच्या कामात, चार दुसऱ्या नोकरीत, तीन घरी. हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग शिकू दे पोरीला." आणि चहा टाकायला आत गेल्या.

समितीचा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवला आहे. ज्या सभासदांची मुले-मुली पर्यटन, हॉटेल किंवा प्रवास व्यवस्थापनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शिकत आहेत किंवा शिकून बाहेर पडली आहेत, त्यांनी आपल्या गट ऑफिसात ओव्हरसिअरकडे अभ्यासक्रमाचे नाव, वर्ष आणि सध्या काय करतात एवढी माहिती द्यावी. ज्यांना काम मिळालेले नाही त्यांनी तर जरूर द्यावी. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट आणि खताविषयी लिहीन.